पन्नास सायकलचं गाव

पेटी टेम्पोतून उतरवायला चौघं लागलो.
फ्रिजएवढी उंच, अंगभर झडपांच्या फटी.
मला वाटलं, कपडे वाळवायचं काहीतरी असेल.
"स्पीकर आहे मामा," एस्तेर आवळे म्हणाली,
"आत भोंगा फिरतो."
बेळगावात एक हॉटेल मोडीत निघालं, तिथून आणलेला.
ऑर्गन वाळवीनं केव्हाच संपवला,
हा तेवढा उरला, बिनधन्याचा.

मी मोटर भरणारा माणूस.
उद्यमनगरात तीस वर्षं तांब्याची तार मोजतोय.
मला दोनच सूर कळतात:
बेअरिंग गेलेलं,
आणि बेअरिंग ठीक.

पाठ उघडली. वर काळा भोंगा, दोन तोंडांचा,
त्यातलं एक मुकं, नुसतं तोलासाठी.
खाली लाकडी ढोल. पट्टे उंदरांनी चाखलेले.
मोटरीच्या पाटीवरची धूळ थुंकी लावून पुसली:
एकशे सतरा व्होल्ट, साठ सायकल.
आमच्याकडं पन्नास.
म्हणजे इथं ती दर सहा फेऱ्यांतला एक चुकवणार,
जन्मभर.

"कीबोर्डात याचं बटण असेल की," मी म्हटलं.
"आहे. दाबलं की फिरल्यासारखं वाटतं."
"मग?"
ती पट्ट्याचा तुकडा बोटाला गुंडाळत राहिली.
"वाटतंच नुसतं."

दस्तगीर शिकलगारनं लेथवर नवी पुली काढली,
वीसाची होती, चोवीसाची केली.
गाण्याचं काम म्हणून चाळीस रुपये जास्त लावले.
सॉकेटला सहा काड्या.
दोन काड्यांत सूर, शेजारच्यांत वीज,
एका बोटाच्या पेराएवढ्या जागेत
गाणं आणि मरण भाडेकरूसारखे.
चुकून जोडलं तर तिच्या कीबोर्डाचा कोळसा,
अजून नऊ हप्ते बाकी असलेला.
म्हणून वेगळा डबा केला: ट्रान्सफॉर्मर, दोन रिले,
पायानं दाबायचं बटण.
एकशे दहावर मोटर तापत होती, पंच्याण्णववर आणली.
मग दोन दिवस नुसती घूं.
अर्थिंग दोन ठिकाणी झालेलं; एक तोडलं.
घूं गेली, तर दुकान
एकदम मोकळं वाटलं.

शुक्रवारी संध्याकाळी लावून बघितलं.
शिरोळचे बाळगोंडा आपल्या पंपासाठी बाकावर बसलेले.
एस्तेरनं आधी कीबोर्डातलं बटण बंद केलं,
"एका घरात दोन फिरणारे नकोत," म्हणाली,
आणि चारच बोटं ठेवली.

सावकाश.
सूर फटीतून बाहेर आला, भिंतीपर्यंत गेला,
परत येताना जरा बदलून आला.
टेबलावरचं बिलबुक हललं, वाऱ्यानं.
मग तिनं पाय दाबला.
भोंग्यानं लगेच ऐकलं.
ढोल जड; त्याला हुकूम उशिरा कळतो,
तो मागून, दमानं, वेगात आला.

आणि मला ते ठाऊक होतं.

कागलच्या बाजूला आजोळ. गुऱ्हाळाचा चरक.
बैल फिरायचा, गळ्यातली घंटा
जवळ आली की उजळ, पलीकडं गेली की मंद,
मी काहिलीशेजारी डोळे मिटून
बैल कुठं आहे ते सांगायचो. चुकत नसे.
पुढं त्या चरकाला मोटर बसली.
भरली होती माझ्याच वडिलांनी,
पहिली मोठी कमाई, घरी पेढे आले.
घंटा कुठल्या खुंटीला गेली
कुणी विचारलं नाही. मीही नाही.

"माझी मोटर कवा?" बाळगोंडा म्हणाले,
पण उठले नाहीत.

एस्तेरनं पाय काढला, स्विच पाडला.
भोंगा थांबला.
खाली ढोल काही वेळ
तसाच फिरत राहिला, आवाज नसलेला,
फटीतून वारा हाताला लागत होता.

"मंगळवारी," मी म्हणालो.